दाखवता येईल असा फोटो : तीन महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

आजपासून नोंदी ठेवायला घेतो आहे. ठरवलं आहे ते असं: तीन महिने, एकच कॅमेरा, एकच २८ मिमीची (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स आणि एकच जागा. बसथांबा, त्याला लागून असलेला पादचारी पुलाचा जिना आणि समोरचा शंभरेक पावलांचा फुटपाथ. शेवटी वीस फोटो निवडायचे. प्रत्येकात माणूस हवा, आणि तो फोटो त्या माणसाच्या हातात देताना माझी मान खाली जाता कामा नये.

हे डोक्यात आलं त्याला कारण ताई. मागच्या आठवड्यात जुने फोटो चाळत होतो, ती शेजारी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, की तू त्यांचा फोटो काढलास?" मी म्हणालो, रस्ता सगळ्यांचा आहे, तिथे कोणीही कोणालाही बघतो. त्यावर ती म्हणाली, "बघणारा पुढे निघून जातो रे. तू तर त्यांना घरी घेऊन आलास."

त्या वाक्यानंतर झोप लागली नाही.

८ फेब्रुवारी

गेल्या वर्षीच्या स्ट्रीट फोटोंतले मला आवडलेले म्हणून बाजूला काढलेले ३१२ फोटो आज एकेक करून पाहिले. कागदावर तीनच रकाने केले: माणसाला माहीत होतं, माहीत नव्हतं, माहीत असूनही काही म्हणता आलं नसतं.

पहिल्या रकान्यात १९. बाकीच्यांत पाठमोरे, झोपलेले, ओझं वाहणारे, फोनमध्ये बुडालेले. तिसऱ्या रकान्याने मात्र पोटात गोळा आला. फुटपाथवर झोपणारे, भीक मागणारे, डोक्यावर पाट्या घेतलेले मजूर. सुटाबुटातला, गाडीतून उतरणारा, मला जाब विचारू शकेल असा माणूस ३१२ मध्ये फक्त चार वेळा. म्हणजे मी धीट नव्हतो. जो अडवणार नाही त्याच्यासमोर मी कॅमेरा उचलत होतो आणि त्याला 'वास्तव टिपणं' म्हणत होतो.

हे लिहून ठेवायलाच हवं होतं.

११ फेब्रुवारी

थोडं वाचन. खासगीपणाच्या कायदेशीर विचाराला कॅमेऱ्यानेही चालना दिली, हे मला नव्याने कळलं. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरता येणारा कॅमेरा आला, शंभर फोटोंचा रोल आत भरूनच. तोवर फोटो काढून घ्यायला बहुतेकदा समोर बसावं लागायचं, हलायचं नाही, म्हणजे संमती आपोआपच असायची. आता ती गरज संपली. पुढच्या दोनच वर्षांत, डिसेंबर १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी 'खासगीपणाचा हक्क' या विषयावर लेख लिहिला, आणि त्यात झटपट निघणाऱ्या फोटोंचा नाव घेऊन उल्लेख केला.

आणि आपल्या या कलेतले थोर लोक काय करत होते? पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली. लोकांना वाटायचं, हा दुसरीकडेच बघतोय. त्याच मालिकेत गळ्यात 'अंध' अशी पाटी अडकवलेल्या एका बाईचा फोटो आहे. फोटो जबरदस्त आहे. पण ज्या बाईला दिसतच नाही तिच्यासमोर खोटी लेन्स कशाला लागते, हा प्रश्न मनातून जात नाही. वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून, बटणांच्या फटीतून प्रवाशांचे चेहरे टिपले. शटरची वायर बाहीतून हातात आणलेली. पण ते फोटो पुस्तकरूपात आले १९६६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोवर त्यातली बाळं मोठी झाली होती आणि म्हातारी माणसं गेलीही असतील.

या पंचवीस वर्षांपाशी मी थांबलो. लपून काढणं मला मान्य नाही. पण फोटो काढणं आणि तो जगाला दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे वेळ जाऊ देता येतो, हे आजवर मनात आलंच नव्हतं. आत्तापर्यंत मी संध्याकाळी काढलेला फोटो रात्री जेवणाआधी लोकांना दाखवून मोकळा होत होतो.

१५ फेब्रुवारी

पहिला दिवस. कॅमेरा गळ्यात, उघडा, पट्टा छोटा केलेला. पाठीशी किंवा मांडीवर लपवून काही नाही.

तांत्रिक बाजू आधी लावून घेतली: लेन्सचं छिद्र लहान, एफ/८, फोकस हाताने ३.३ मीटरवर. २८ मिमीच्या लेन्सला फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) एवढ्यात साधारण १.७ मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही, बघायचं आणि दाबायचं. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. २८ मिमीने माणूस फ्रेममध्ये नीट दिसायचा तर दीड-दोन मीटरवर जावं लागतं. तिथे तुम्ही लपू शकत नाही. लांबची लेन्स घेऊन रस्त्यापलीकडून टिपणाऱ्याला त्या माणसाची नजर कधी झेलावी लागत नाही. मला झेलावी लागणार.

पहिला अर्धा तास कोणी नीट वावरेना. मग हळूहळू मी त्या थांब्याच्या खांबासारखाच होऊन गेलो.

जिन्याखाली किल्ल्या बनवणारे एक काका बसतात. लाकडी खोक्यावर छोटा शिकंजा, शेजारी कानशींची जुडी, मागे तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. मी विचारलं, "काका, काम करताना एक फोटो काढू का?" त्यांनी मान वर केली नाही. कानस चालूच. म्हणाले, "माझा नको. हातांचा काढ. हात सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत."

मग मी हात पाहिले, बहुधा पहिल्यांदाच कोणाचे तरी इतके नीट. नखांच्या कडांत पितळेची पूड बसलेली, सोनेरी नाही, मळकट हिरवट. प्रत्येक चार-पाच घासांनंतर ते किल्लीवर फुंकर घालतात, मग जुनी आणि नवी एकमेकींना चिकटवून उजेडाकडे धरतात. दोघींच्या मधून उजेड दिसला की अजून घासायचं. मी सात फोटो काढले. सहाव्यात फुंकरीने उडालेली पूड उन्हात दिसते आहे.

त्यांनी 'माझा नको' म्हटलं नसतं तर मी चेहराच काढला असता. कपाळाच्या आठ्या, वरून येणारा उजेड, असले फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत.

१९ फेब्रुवारी

विचारायचं कधी? आधी की नंतर?

आधी विचारलं की माणूस ताठ होतो, केस सारखे करतो, हसतो. ज्यासाठी आपण थांबलो होतो ते निघून जातं. पण ते परत येतं, एवढं आज कळलं. हसरा फोटो मनापासून काढायचा, "झालं, धन्यवाद" म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं. दोन-तीन मिनिटांत माणूस आपल्या कामात शिरतो. परवानगी तर मिळालेलीच असते.

नंतर विचारायचं तर कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन दाखवून. "आत्ता तुमचा हा फोटो काढला, चालेल ना? नको असेल तर पुसतो." आज असं अकरा जणांना विचारलं. आठ जण हो म्हणाले, त्यातल्या दोघांनी तर पाठवायला सांगितलं. तिघांनी नको म्हटलं. मी त्यांच्यासमोर पुसला, स्क्रीन दाखवला, विषय संपला.

निदान मला तसं वाटलं. रात्री कार्ड उतरवताना तिघेही समोर. माझा कॅमेरा दोन कार्डांवर लिहितो, दुसरं कार्ड राखीव प्रत म्हणून. मी पुसलं ते पहिल्यातून. दिलेला शब्द मी अजाणता मोडला होता. शिवाय पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होतं असंही नाही. कार्डावर ती जागा 'मोकळी' अशी नोंद होते एवढंच. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो परत काढता येतो.

दुसऱ्या कार्डातलेही पुसले, दोन्ही कार्डं फॉरमॅट करून पूर्ण भरून घेतली. दुसऱ्या कार्डाची सोय या प्रकल्पापुरती बंद. कार्ड बिघडलं तर एका दिवसाचे फोटो जातील, जाऊ देत.

२६ फेब्रुवारी

पाऊस, बाहेर गेलो नाही. कायदा वाचला. देशोदेशी इतका फरक आहे, की 'रस्त्यावर काढलेला फोटो कायदेशीर असतो' या वाक्याला जागा सांगितल्याशिवाय अर्थच नाही.

जर्मनीत माणसाच्या प्रतिमेचा हक्क १९०७ पासून कायद्यात आहे. त्यामागे १८९८ ची घटना: जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारल्यावर दोघे फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढला. हंगेरीच्या २०१४ च्या नागरी संहितेत तर फोटो काढण्यासाठीसुद्धा संमती लागते, गर्दी आणि सार्वजनिक जीवनातली माणसं वगळता. उलट न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया या फोटोग्राफरने टाइम्स स्क्वेअरला फ्लॅश बांधून, लांबच्या लेन्सने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका धर्मनिष्ठ वृद्ध गृहस्थांनी दावा लावला, की आपल्या श्रद्धेत अशी प्रतिमा बसत नाही. २००६ मध्ये न्यायालय म्हणालं, ही कला आहे, आणि दावा फेटाळला. भारतात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

सगळ्यात जास्त मनात राहिला तो कॅनडातल्या क्युबेक प्रांताचा खटला. सतरा वर्षांची मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसलेली. फोटो काढला, एका कलाविषयक मासिकात छापला. फोटोत वाईट काहीच नव्हतं. वर्गातली मुलं तिला हसली. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, भरपाई दोन हजार डॉलर. फोटोग्राफर मंडळी अजूनही या निकालावर चिडून बोलतात, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. असा नियम सगळीकडे असता तर गेल्या शतकातल्या रस्त्यांचं रोजचं जगणं आपल्याला दिसलंच नसतं. पण ती पायरीवरची मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. तिचं चुकलं काय होतं? ती बसली होती.

४ मार्च

आजची नोंद लिहायला जड जातंय.

बारा दिवसांपूर्वी जिन्यावर बसलेल्या दोघांचा पाठमोरा फोटो काढला होता. संध्याकाळचा तिरपा उजेड, दोघांच्या सावल्या खालच्या पायऱ्यांवर मोडत गेलेल्या. चेहरा दिसत नाही, म्हणून विचारलं नाही. फोटोंच्या आमच्या गटात दाखवला, पंधरा-वीस जणांचा गट. कोणीतरी तो पुढे आणखी कोणाला दाखवला. त्यातल्या एकीने जिन्यावरच्या दोघांतल्या बाईंना ओळखलं. पाठीवरच्या पिशवीवरून. पिशवीचा पट्टा तुटलेला आणि लाल दोऱ्याने जाड टाके घालून शिवलेला होता. तो दोरा मला फोटोत आवडला होता. करड्या पायऱ्यांवर तेवढाच रंग.

आज त्या बाई मला शोधत थांब्यावर आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "चेहरा नाही म्हणजे मी नाही, असं तुम्हाला का वाटलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. फोटो पुसतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "आता पुसून काय होणार आहे? ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला." त्या तिथे का बसल्या होत्या, शेजारी कोण होतं, कोणाला कळल्याने काय बिघडलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारण्याचा मला अधिकार नव्हता. जाताना पिशवी त्यांनी पुढे, छातीशी धरली होती. तो लाल दोरा हाताखाली झाकलेला.

घरी येऊन फोटो सगळीकडून काढला. गटातल्या प्रत्येकाला वेगळं सांगून त्यांच्याकडचाही पुसायला लावला. ताईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जेव."

९ मार्च

पाच दिवस कॅमेरा हातात धरला नाही. आज वही घेऊन बसलो.

मी ओळख म्हणजे चेहरा धरून चाललो होतो. अनोळखी माणसासाठी ते खरं असेलही. पण ज्याला त्या माणसाशी देणंघेणं आहे त्याला चालण्याची ढब पुरते, चप्पल पुरते, खांद्याचा कल पुरतो. माझ्या आईला मी गर्दीत पाठीवरून ओळखतो. धोका नेमका ओळखीच्यांकडूनच असतो. परक्याला कोण कुठे बसलं होतं याच्याशी काय करायचंय?

आणि परकाही आता परका राहिलेला नाही. २०१६ मध्ये येगोर त्स्वेतकोव्ह या रशियन फोटोग्राफरने मेट्रोत समोर बसलेल्या अनोळखी प्रवाशांचे फोटो काढले आणि चेहरा ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये टाकले. त्यातल्या बऱ्याच जणांची समाजमाध्यमावरची खाती सापडली. त्याने ते मुद्दाम, धोका दाखवायला केलं होतं. एव्हान्सच्या प्रवाशांना हे भय नव्हतं. तेव्हा फोटोतला माणूस निनावी राहायचा, कारण शोधणार कसं? आज माझ्या निष्पाप फोटोला दुसरा कोणीही नाव चिकटवू शकतो, पाच वर्षांनीसुद्धा.

त्यामुळे कामाची पद्धत बदलली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोतून जागा आणि वेळेची माहिती काढून टाकायची. फाइलच्या पोटात सेकंदापर्यंतची वेळ बसलेली असते, आणि फोनने काढलेल्या फोटोत पुष्कळदा जागेचे जीपीएस आकडेही. फोटोखाली 'रोज संध्याकाळी इथे बसणारे' असलं काही लिहायचं नाही. त्यावरून माणूस केव्हा कुठे सापडेल हे कळतं. आणि कुठलाही फोटो निदान सहा महिने कोणाला दाखवायचा नाही, ताई सोडून.

चेहरा धूसर करण्याबद्दल: मला तो उपाय आवडत नाही, आणि तो भरवशाचाही नाही. एका गुन्हेगाराने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता. तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून परत मिळवला. तिथे ते चांगल्यासाठीच झालं, पण त्यावरून एक गोष्ट कळते: मूळ माहिती नुसती ढवळली तर ती आतच राहते. लपवायचंच असेल तर वर भरीव रंग भरून नवी प्रत काढावी. पण डोळ्यांवर काळी पट्टी असलेला माणूस आरोपी दिसतो. थांब्यावर बसची वाट बघणाऱ्याला मी आरोपी का करावं? त्यापेक्षा फोटो काढतानाच विचार करावा.

१६ मार्च

पुन्हा बाहेर. सकाळी साडेसात ते नऊ.

आज फक्त सावल्या आणि आकृत्या. पुलाच्या टोकाला उजेड मागून येतो. उजळ भागावर उजेड मोजून दोन स्टॉप कमी केले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) की माणसं पूर्ण काळी होतात. मग चेहऱ्याचं काम शरीराला करावं लागतं. दोन आकृत्या एकमेकींवर आल्या की काळा गोळा होतो, काही कळत नाही. दोघांच्या मधे उजेडाची फट हवी, पावलं फाकलेली हवीत, हात अंगापासून सुटा हवा. तो क्षण एका माणसाच्या येण्याजाण्यात एखाददुसरा. किल्लीवाल्या काकांसारखंच झालं: ते फट मिटेपर्यंत घासतात, मी फट उघडण्याची वाट बघतो.

मग शटर १/८ सेकंदावर नेऊन कठड्यावर कॅमेरा टेकवला. चालणारे वितळले, उभे राहिलेले राहिले. एका फोटोत पूर्ण गर्दी धुरासारखी, आणि मधे एक जोडी बूट स्थिर. कोणीतरी क्षणभर थांबलं असावं.

सॉल लायटर या अमेरिकी फोटोग्राफरने पावसाळलेल्या काचांतून, छत्र्यांच्या कडेने कितीतरी फोटो काढले, माणूस अर्धा दिसतो, रंगात विरघळलेला. त्याने ते खासगीपणासाठी केलं असं मी म्हणणार नाही. पण माणसाला पूर्ण उघडं न पाडताही तो फोटोत असू शकतो हे तिथे शिकता येतं.

२० मार्च

काल रात्री सोळा तारखेचे फोटो पाहिले आणि निराश झालो. सुंदर आहेत. पण सगळे सारखेच सुंदर. काळी आकृती, उजेडाचा पट्टा. कोणीही कोणीही नाही. सुरक्षित राहण्याच्या नादात माणूस निसटला. रस्त्यावरचा फोटो बघताना आपण चेहऱ्यासाठीच थांबतो, घाईत ओठ चावणारी, हिशेब लावणारी, बस चुकल्यावर एकटीच हसणारी माणसं.

म्हणजे सावल्या हा मार्ग आहे, पण पळवाटही आहे. चेहरा हवा असेल तर तोंड उघडून विचारावं लागणार. मला संकोच वाटतो म्हणून मी सावल्या काढू लागलो का? थोडंसं, हो.

२७ मार्च

आज चौदा जणांना विचारलं, नऊ जण हो म्हणाले. आता विचारताना दोन गोष्टी वेगळ्या विचारतो: काढू का, आणि पुढे कोणाला दाखवू का. दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात! एक आजोबा म्हणाले, "काढ की. पण भिंतीवर लावायचा तर सदरा बदलून येतो." ते खरंच पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारी एक मुलगी, सहा-सात वर्षांची. दोन्ही पाय हवेत. मी काढला आणि लगेच तिच्या आईकडे गेलो. तिने स्क्रीन पाहिला, हसली, मग म्हणाली, "दादा, फोटो छान आहे. पण कुठे टाकू नका." मी तिला तिथल्या तिथे पाठवला, मग तिच्यासमोर माझ्याकडचा फोटो आणि पाठवताना वापरलेला तिचा नंबर, दोन्ही पुसले. तो फोटो आता फक्त त्यांच्या घरी आहे. मला तो अजून दिसतो, उजव्या पायातली चप्पल सुटायच्या बेतात.

मुलांबाबत एवढंच लिहून ठेवतो: मूल हो म्हणालं तरी ते पुरेसं नाही, आणि आईबाप हो म्हणाले पण मूल तोंड लपवत असेल तर तेही पुरेसं नाही.

२ एप्रिल

थांब्याच्या कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस रडत होता. पन्नाशीचा, मांडीवर कागदांची फाइल, चष्मा हातात. त्याच्या दोन्ही बाजूंना लोक फोनमध्ये. चौकट माझ्यासमोर तयार होती. उजेडसुद्धा.

मी फोटो काढला.

रात्री ताईला दाखवला. ती म्हणाली, "तुझा सगळ्यात चांगला फोटो आहे." मग थांबली. "त्यांना दाखवशील?"

मी वाद घातला. म्हणालो, दुःखाचे फोटो नसते तर जगाला पाझर फुटला नसता. डोरोथिआ लँग या अमेरिकी फोटोग्राफर बाईने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. तो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने त्या छावणीवर वीस हजार पौंड (सुमारे नऊ हजार किलो) अन्न पाठवलं. ताईने विचारलं, आणि त्या बाईचं काय? ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो. अन्न पोहोचेपर्यंत ती कुटुंबासह तिथून निघून गेली होती. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९७८ मध्ये, तिचा पत्ता लागला, तेव्हा तिने सांगितलं की तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, आणि तिला त्यातून एक पैही मिळाली नाही. फोटोने जगाचं भलं केलं असेल. तिचं केलं असं तिला वाटलं नाही.

आणि माझा हा फोटो कोणाचं भलं करणार होता? कुठली छावणी, कुठलं अन्न? मोर्चा असता, लाठी उगारलेली असती, तर मी न विचारता काढला असता आणि दाखवलाही असता, कारण तिथे लोक काहीतरी जगाला सांगायला आलेले असतात, आणि सत्ता हातात असलेल्याने आपण दिसणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये. (तिथेही मोर्चातल्या माणसाचा चेहरा उद्या त्याला महागात पडेल का, हा विचार हवाच.) हा माणूस मात्र रडायला जागा नव्हती म्हणून तिथे बसला होता.

फोटो पुसला. पुसताना हात अडला, हे खोटं कशाला सांगू.

५ एप्रिल

तो माणूस आज दिसला, चष्मा लावून, वर्तमानपत्र वाचत. मी शेजारी बसलो. बोललो काही नाही.

परवाच्या गोष्टीत एक उरतंच. मी फोटो काढण्यापेक्षा त्याला पाणी विचारायला हवं होतं. पुसण्याचा प्रश्न नंतरचा.

१३ एप्रिल

निवड. ८४० मधून वीस. टेबलावर छोट्या प्रिंट पसरल्या आणि ताईला बसवलं. तिने माझ्या आवडीच्या सहांपैकी चार बाजूला केल्या. एका मुलीचा वाऱ्याने उडणारा दुपट्टा सावरतानाचा फोटो होता, मी हालचाल म्हणून निवडलेला. ताई म्हणाली, "ती सावरतेय कशासाठी? तुझ्यासारख्याने बघू नये म्हणून. आणि तू नेमकं तेच धरलंस." मला ते दिसलंच नव्हतं. किती वर्षं असे फोटो मी 'गतिमान' म्हणून निवडत आलो असेन.

शेवटी अठराच उरले. वीसचा आग्रह सोडला. त्यात सात सावल्या किंवा वितळलेल्या गर्दीचे, आठ विचारून काढलेल्या चेहऱ्यांचे, दोन हातांचे. आणि एक सदरा बदलून आलेले आजोबा, इस्त्रीच्या घड्या अजून छातीवर उभ्या.

२१ एप्रिल

प्रिंट वाटल्या. आजोबांनी दोन मागितल्या. विचारून काढलेल्या आठांपैकी पाच जण भेटले. एकीने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आता विचार बदलला तर?" मी म्हणालो, सांगा, काढून टाकीन. तिने माझा नंबर घेतला. तिचा मी मागितला नाही.

पिशवीवाल्या बाई दिसल्या नाहीत. रोज बघतो.

किल्लीवाल्या काकांना त्यांच्या हातांचा मोठा प्रिंट दिला, फुंकरीतल्या पुडीचा. त्यांनी हात पँटला पुसले, दोन्ही कडांनी धरला, किल्ली धरतात तसा उजेडाकडे नेला. मग खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोन चुका ठोकून लावला. झाकण बंद असताना तो दिसत नाही.

"चेहऱ्याचा कधी काढायचा?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले, आणि पुढची किल्ली शिकंज्यात घातली.